आधी मी, मग तुम्ही

आप्पांच्या मैदानावर नुसतं खेळून घरी जाता येत नसे. मल्लखांबावरून उतरलं, हातापायाचं एरंडेल पुसलं की सतरंजीवर ओळीने बसायचं आणि सुईत दोरा ओवायचा. ओवला की सुट्टी. नाही ओवला तर बसा. फाटकाबाहेर स्कूटर सुरू ठेवून उभे असलेले वडील हॉर्न वाजवायचे, “अप्पाजी, ट्यूशन का टाइम हो रहा है,” म्हणून ओरडायचे. आप्पा तिकडे बघायचेही नाहीत. नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत त्यांचं आडनाव किंवा बँकेतला हुद्दा फारसा कोणाला ठाऊक नव्हता. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ते ‘सुईवाले अप्पाजी’.

ते मूळचे मिरजेचे. बँकेने बदलीवर उज्जैनला पाठवलं आणि पुढची बदली आली तेव्हा त्यांनी बढतीसकट ती नाकारली. कारण विचारलं तर सांगायचे, “खांब नुकताच पुरला होता. तो उपटून ट्रकमध्ये घालू का?” कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर तो खांब, शेजारी कडुनिंबाच्या फांदीला बांधलेला दोर, आणि खाली माती भुसभुशीत केलेली. एवढंच त्यांचं मैदान. बँकेतून आले की पँट-शर्ट उतरवून हाफ पँट आणि बनियनवर हजर. त्यांच्या बायको, आमच्या काकू, घरातून चहा आणि सुयांची डबी घेऊन यायच्या.

डबी हिंगाची होती. पिवळी, पत्र्याची, झाकण घट्ट बसणारी. आत सुया आणि पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ. हिंग कधीच संपला होता, पण वास काही डबीने सोडला नव्हता. आम्ही मुलं संध्याकाळी घरी यायचो ती अंगाला एरंडेलाचा आणि बोटांना हिंगाचा वास घेऊन. माझी आई म्हणायची, पोरगी खेळून आली की फोडणीतून आली तेच कळत नाही.

सुईचे नियम कडक होते. दोऱ्याला थुंकी लावायची नाही. “थुंकी लावून केलेलं काम थुंकी वाळेपर्यंत टिकतं,” असं आप्पांचं म्हणणं. दोऱ्याचं टोक बोटांनीच पिळायचं, श्वास खाली बसू द्यायचा आणि मग नेढ्याकडे जायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम त्यांचा स्वतःसाठी होता. रोज सगळ्यांत आधी ते स्वतः खांबावर चढायचे, एक सलामी देऊन उतरायचे, मांडी घालून बसायचे आणि एका झटक्यात सुई ओवून समोर धरायचे. “आधी मी, मग तुम्ही. जे मला येत नाही ते मी तुमच्याकडून मागणार नाही.” रोज तेच वाक्य. आम्ही त्यांच्या मागे नकला करायचो आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

माझे हात हा आमच्या घरातला मोठा विषय होता. आठ वर्षांची झाले तरी मला शर्टाची बटणं लावता येत नसत. पेन्सिल धरली की बोटं अशी दुखायची की चार ओळींत मी रडायला लागायची. वही बघून शाळेतल्या बाई आईला बोलावून म्हणाल्या, “ये जानबूझकर करती है.” मी जाणूनबुजून करत नव्हते. ते कोणाला पटवून द्यायचं तर लिहून देता आलं पाहिजे होतं, आणि नेमकं तेच येत नव्हतं. आईने मणी ओवायला बसवलं, तांदूळ निवडायला बसवलं, वाटाणे सोलायला बसवलं. वाटाणे जमिनीवर आणि मी खोलीत रडत, असा तो कार्यक्रम संपायचा. शेवटी फ्रीगंजच्या एका डॉक्टरांनी हात दाबून बघितले आणि म्हणाले, हिला बसवू नका, हिला खेळू द्या. म्हणून आईने मला आप्पांसमोर नेऊन उभं केलं.

आप्पांनी माझ्या हाताकडे बघितलंही नाही. दोराकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “लटक.” मी लटकले आणि आंब्यासारखी खाली पडले. “छान. उद्या परत पड,” म्हणाले. कितीतरी दिवस मी नुसती लटकत आणि पडत होते. मग पायाच्या अंगठ्यात दोर धरायला शिकवलं, मग वर सरकायला. डबी उघडली की मला म्हणायचे, “तू बस आणि बघ.” इतर मुलं ओवत असायची आणि मी ओशाळून पायाची माती खरवडत असायची.

आई माझ्याहून जास्त वैतागली. एके दिवशी पदर खोचून मैदानावर आली. “आप्पा, हिची लिहायची बोंब आहे आणि तुम्ही तर हिला माकडासारखी लटकवून राहिले! बोटं जाड होतील तिची. मग तर पेन्सिल काय, लाटणंसुद्धा धरू नाही शकणार.”

आप्पांनी हातातला कप खाली ठेवला. “वहिनी, फांदी डुगडुगत असली की पान हलतं. कोणी पान धरून बसत नाही. खांदा पक्का होऊ द्या, मनगट पक्कं होऊ द्या. बोटं मग आपोआप शांत होतील.”

“आणि नाही झाली तर?”

“तर मी तिच्या वह्या लिहून देईन. माझं अक्षर चांगलं आहे.”

आई हसली नाही, पण मला घरीही घेऊन गेली नाही.

मी पहिल्यांदा सुई ओवली तो अगदी साधा दिवस होता. पावसाने माती ओली होती म्हणून मुलं कमी आली होती. मी दोरावरून उतरून सवयीने बाजूला बसले, तर आप्पांनी डबी माझ्यापुढे सरकवली. दोन-तीनदा दोरा नेढ्याच्या शेजारून गेला. मग गेला आत. मला वाटलं, पलीकडून गेला असेल. मी ओढून बघितलं, आतूनच गेला होता. खरंखोटं करायला मी तो काढला आणि परत ओवला. आप्पा दुसरीकडे बघत होते. त्यांनी बघितलं की नाही हे मला तेव्हा कळलं नाही. निघताना एवढंच म्हणाले, “उद्या शाळेच्या शर्टाची बटणं स्वतः लावून जा. चुकीच्या घरात गेली तरी जाऊ दे.” दुसऱ्या दिवशी मी दिवसभर शर्टाचं एक टोक वर आणि एक टोक खाली घेऊन शाळेत हिंडले. एवढ्या ऐटीत मी पुढे माझ्या लग्नातही हिंडले नाही.

आप्पांना सगळंच कळत होतं असं मात्र नाही. सर्दीपासून घटस्फोटापर्यंत सगळ्यावर एरंडेल हाच उपाय आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. खेळल्याने बोटं सुधारतात म्हणजे अक्षरही सुधारलंच पाहिजे असा त्यांचा दावा असे, आणि तो कॉलनीतल्या अर्ध्या मुलांनी खोटा पाडला होता. वह्या घेऊन आई-बाप भांडायला आले की आप्पा वही उलटीसुलटी करून बघायचे आणि म्हणायचे, “ये मेरे हाथ में नहीं है. इनके दादाजी की चिट्ठी दिखाओ.” त्यांचं हिंदी शेवटपर्यंत मिरजेचं राहिलं. पण त्या मुलांना बुटाची नाडी बांधता यायची, डबा उघडता यायचा, कंपासने गोल काढता यायचा. तक्रार करणाऱ्यांना ते दिसायचं नाही, कारण जी गोष्ट जमू लागते ती घरात कोणी मोजत नाही.

काकूंबद्दल सांगितल्याशिवाय आप्पांचं सांगून होत नाही. मालतीकाकू मैदानावर कधी बोलत नसत. डबी आणायची, शेवटी सुया मोजून डबी न्यायची. मातीत एखादी सुई पडली तर सगळ्या मुलांना घरी पाठवून दोघं नवरा-बायको वाकून शोधत बसायचे. हातात चाळणी. काकू म्हणायच्या, “सोन्याची असती तर सापडली असती.” आप्पा म्हणायचे, “सोन्याची असती तर मी शोधलीच नसती. कोणीतरी उचलून नेली असती, पोराच्या पायात तर नसती ना गेली.” त्यांना मूलबाळ नव्हतं. हे मी इथे एका वाक्यात लिहिलं, कारण ते दोघंही त्याबद्दल याहून जास्त कधी बोलले नाहीत.

पुढे मी शिकायला इंदूरला गेले, लग्न झालं, दुसऱ्या गावी संसार केला. परत उज्जैनला आले ती नोकरीच्या बदलीने आणि सोबत माझी मुलगी इरा होती. इरा सहा वर्षांची, तोंडाने चुरूचुरू, आणि पेन्सिल मुठीत धरणारी. मोबाइलवर तिचं बोट पाण्यासारखं फिरायचं, पण फ्रॉकचं बटण म्हटलं की दोन्ही हात माझ्यापुढे. शाळेतून बोलावणं आलं तेव्हा मी बाईंचं पुढचं वाक्य त्यांच्याआधी म्हणू शकले असते. त्याच संध्याकाळी तिला घेऊन मी मैदानावर गेले.

आप्पा म्हातारे झाले होते. खांब तसाच होता, एरंडेल पिऊन काळाभोर. “आलीस?” म्हणाले, जशी मी कालच घरी गेले होते. इराकडे बघून दोराकडे मान हलवली. “लटक.” पण मान हलवली, बोट दाखवलं नाही. तेवढं माझ्या लक्षात आलं. उजव्या हाताने त्यांनी दोर पकडून ठेवला होता आणि बोलणं संपेपर्यंत सोडला नाही. मग काकूंनी चहा आणला. पूर्वी कपबशी असे, आता स्टीलचा पेला होता, आणि तोही अर्धाच भरलेला. मी काकूंकडे बघितलं. काकूंनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

कंपवात होता. इंदूरच्या डॉक्टरांनी नाव सांगून औषध दिलं होतं. आप्पा गोळ्या घ्यायचे, पण निदान त्यांना मान्य नव्हतं. आयुष्यभर ज्याने हलणारे हात खेळवून शांत केले, तो स्वतःच्या हाताबद्दल दुसरं काय समजणार? “सराव कमी पडतोय,” म्हणायचे. “खांबावर चढणं सुटलं तेव्हापासून खांदा सैल झालाय. म्हणून पान हलतंय.” भर दुपारी, मैदानावर कोणी नसताना, ते दोराला लोंबकळायचे. त्या वयात! काकू खिडकीतून बघत राहायच्या; बाहेर येऊन थांबवायची त्यांची हिंमत नव्हती. मी एकदा बोलले, “आप्पा, हे सरावाने जाणारं दुखणं नाही.” तर म्हणाले, “तुझ्या हाताबद्दलही लोक असंच म्हणत होते.”

तरी संध्याकाळी ते सुई ओवायचे. सलामी सुटली होती, खांबाला नुसता नमस्कार करून बसायचे. कोपर मांडीवर टेकवायचे, मनगट गुडघ्याला दाबून धरायचे, हात थरथरता थरथरता क्षणभर थांबतो तो क्षण गाठायचे. मुलांना वाटायचं, अशीच पद्धत असते. इरासुद्धा घरी सुई घेतली की मनगट गुडघ्याला दाबायची. पुढेपुढे तो क्षण लवकर सापडेना. वेळ लागायचा, मुलं चुळबुळायची. पण आप्पांची ओवून झाल्याशिवाय डबी पुढे सरकली असं झालं नाही. आधी मी, मग तुम्ही. सगळं गेलं तरी एवढं राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती आम्हा सगळ्यांना समोर दिसत होती.

नागपंचमीला मैदानावर खांबाची पूजा व्हायची. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, सुई टोचायची नाही, म्हणून डबीला सुट्टी. काकू पुरणाची दिंडं करायच्या. नवीन मुलं त्याच दिवशी नाव घालायची आणि त्यांची पहिली सुई दुसऱ्या दिवशी. त्या वर्षी मुलं बरीच आली, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या सुईला त्यांचे आई-बापही खुर्च्या घेऊन बसले. आदल्या दिवशीच्या पूजेचं हळदकुंकू खांबावर तसंच होतं. आप्पा धुतलेला सदरा घालून आले, खांबाला नमस्कार केला, सतरंजीवर बसले. काकूंनी डबी पुढे ठेवली आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या.

आप्पांनी डबीतून सुई काढली. चिमटीत धरून अंगठा तिच्यावरून वरपर्यंत नेला आणि थांबले. दुसरी काढली, तिच्यावरूनही अंगठा नेला. मग दोन्ही सुया परत डबीत ठेवल्या, सगळ्यांकडे बघून हसले आणि हिंदीत म्हणाले, “आज उलटा करेंगे. पहले आप लोग, फिर मैं.”

मुलांनी एकच गलका केला. डबी फिरली. आणि त्या दिवशी नवल झालं. सगळ्यांची सुई ओवली गेली. जुन्यांची गेली, कालच नाव घातलेल्यांची गेली. माझ्या इराची पहिल्यांदाच, आणि पहिल्याच फटक्यात गेली. ती सुई नाचवत माझ्याकडे पळत आली. आई-बापांनी टाळ्या वाजवल्या, एक गृहस्थ म्हणाले, “कमाल के हाथ हैं अप्पाजी के.” आप्पांनीही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना हात हललेले कोणाला दिसत नाहीत.

गर्दी पांगल्यावर मी त्यांना हात देऊन उठवलं. काकू डबी घेऊन पुढे गेल्या होत्या. आप्पा हळूच म्हणाले, “आज सगळ्यांची गेली. असं कधी झालं होतं का गं, शुभे?”

मी म्हटलं, “नाही.”

“सुया बदलल्यात. सगळ्याच. गोधडीच्या आहेत, मोठ्या नेढ्याच्या. मालतीने बदलल्या. तिला सांगू नकोस हं मला कळलं म्हणून. किती विचार करून केलं असेल तिने.”

मला फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “मग ओवायची होती ना आप्पा. कोणाला कळलं असतं?”

त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. तो आता थांबतच नव्हता. “त्यातही गेली नसती. तिच्यासमोर घेतली असती आणि त्या भोकातही गेली नसती, तर तिने कुठे बघायचं होतं?”

त्यानंतर आप्पांनी सुई हातात घेतली नाही. नियम उलटा झाला तो तसाच राहिला. डबी फिरायची, शेवटचं मूल डबी त्यांच्यापुढे ठेवून विचारायचं, “अब आप?” आप्पा सांगायचे, आज उजेड गेला. आज चष्मा घरी राहिला. आज थंडी आहे. मुलं विश्वास ठेवायची. इरा रोज घरी येऊन मला हिशोब द्यायची, “आई, आप्पांची पाळी अजून बाकीच आहे.” डबीत सुया त्याच मोठ्या नेढ्याच्या होत्या. काकूंना आशा होती ना, आज नाही तर उद्या घेतील.

थंडीतच ते गेले. आधी मैदान सुटलं, मग खुर्ची सुटली, मग शब्द. शेवटी मी भेटायला गेले तेव्हा गोधडीवर त्यांची उजवी चिमूट सारखी चालू होती, अंगठा पहिल्या बोटावर घासला जात होता. डॉक्टर म्हणतात, या दुखण्यात असं होतंच. असेल. मला तो दोऱ्याचं टोक पिळणारा हात दिसला आणि मी त्या खोलीत जास्त वेळ बसू शकले नाही.

राम घाटावर अस्थी सोडायला आम्ही जुनी मुलं गेलो. पुतण्या मिरजेहून आला होता, पण त्याला गुरुजी काय सांगताहेत ते समजेना आणि त्याच्याकडून मडक्याच्या फडक्याची गाठही सुटेना. गाठ पाणी लागून आवळली होती. आम्ही एकेकाने हात पुढे केले. ज्यांना एके काळी नाडी बांधता येत नव्हती असे आम्ही सगळे, आता पोटं सुटलेले, केस पिकायला लागलेले, आणि सगळ्यांच्या बोटांना ती गाठ सोडवता येत होती. शेवटी कोणी सोडवली ते आठवत नाही. शिप्रेचं पाणी फार थंड होतं.

महिन्याभराने काकूंनी मला बोलावून घेतलं. मैदान आता एक जुना विद्यार्थी चालवतो. त्याच्याकडे डबी पोचवायची होती. काकूंनी डबी पुसून ठेवली होती. उघडून दाखवली. आत परत बारीक सुया होत्या.

“ह्या जुन्याच आहेत,” काकू म्हणाल्या. “जपून ठेवल्या होत्या मी. मधे जरा बदलल्या होत्या. मोठ्या ठेवल्या होत्या ह्यांच्यासाठी.” मग त्या बराच वेळ झाकण लावत राहिल्या. झाकण कधीच बसलं होतं. “शुभा, तुला काही बोलले होते का गं हे? कळलं तर नव्हतं ना त्यांना?”

मी म्हटलं, “नाही काकू. काहीच नाही बोलले.”

“मग घेतली का नाही गं त्या दिवशी? मी मागे उभी राहून बघून राहिले होते. म्हटलं, आता घेतील, आता घेतील.”

“नवीन मुलं आली होती ना,” मी म्हटलं. “त्यांना आधी मिळावी असं वाटलं असेल.”

काकूंनी मान डोलावली. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. “तेच म्हणते मी. मुलांपुढे ह्यांना स्वतःचं काही सुचायचंच नाही. नाहीतर त्या सुईत तर ह्यांना आरामात जमलं असतं.”

“आरामात जमलं असतं, काकू,” मी म्हटलं आणि डबी घेतली.